निरोपाला कुलूप, पण घर कोणाचे?

कार्यकर्त्यांच्या बैठकीत फोनचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. आपण आता सिग्नलवर बोलतो, ते बोलणे कुलूपबंद असते, तेव्हा काळजीचे कारण नाही, हे पहिले मत. सरकारला सारे काही ऐकू येते, कुलूप वगैरे सब झूट आहे, तेव्हा काळजी घेण्यातच अर्थ नाही, हे दुसरे. ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचा परिणाम एकच होतो: दोन्ही मतांचे लोक काहीच करीत नाहीत. अलीकडे त्यांत तिसऱ्या मताची भर पडली आहे. कंपनीने दिलेली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, पुसून टाकावी आणि स्वतंत्र मंडळींनी तयार केलेली दुसरी कार्यप्रणाली फोनवर चढवावी, की माणूस मोकळा झाला, असे हे मत सांगते. त्यात सत्याचा अंश मोठा आहे. पण तो अर्धवट समजून घेतला तर पहिल्या दोन मतांहूनही अधिक घातक ठरेल.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. कंत्राटी कामगारांची युनियन बांधताना पहिल्या पन्नास सभासदांची नावे आज कोणाच्या तरी फोनमध्येच असतात. युनियनची नोंदणी होण्यापूर्वी ती यादी मालकाच्या हाती पडली तर पन्नास घरांतील चूल विझते. वरिष्ठाविरुद्ध तक्रार घेऊन आलेली बाई, गावातील जमीनव्यवहाराची कागदपत्रे पाठवणारा तलाठी कचेरीतला कारकून, ही माणसे आपल्यावर विश्वास टाकतात तेव्हा तो विश्वास आपल्या खिशातील फोनमध्ये साठत असतो. फोन आपल्या मालकीचा असेल. त्यातील विश्वास आपल्या मालकीचा नाही.

प्रथम कुलपाचा विचार करू. सिग्नलमध्ये वापरली जाणारी पद्धत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी २०१३ पासून विकसित केली. तीच पद्धत व्हॉट्सॲपने स्वीकारली आणि एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सर्व ग्राहकांना लागू केली. तिचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तो कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. किल्ल्या या दोन फोनांतच असतात. मधल्या कंपनीकडेही त्या नसतात. किल्ल्या सतत बदलत राहतात, त्यामुळे एखादी किल्ली चोरीस गेली तरी मागचा सारा पत्रव्यवहार उघडा पडत नाही. ही पद्धत जगभरच्या अभ्यासकांनी तपासलेली आहे आणि ती भक्कम आहे.

ती भक्कम असल्याची साक्ष खुद्द सत्ताधाऱ्यांनीच दिली आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत सरकारने मोठ्या संदेश कंपन्यांना असे बंधन घातले की, एखादा निरोप प्रथम कोणी पाठवला हे मागणी होताच शोधून देता आले पाहिजे. व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले की, कुलूप तोडण्याची सक्ती झाली तर आम्हाला हा देश सोडावा लागेल. कंपनीला आपल्या धंद्याची काळजी आहे, हे आपण जाणतोच. परंतु सरकारला वाटेवर सारे काही ऐकू येत असते, तर असा नियम करण्याची गरजच पडली नसती. तेव्हा ‘सब झूट’ म्हणणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे की, वाटेवरची चोरी आज खरोखरच अवघड झाली आहे.

मग धोका कोठे आहे? याचे उत्तर शोधताना आपल्याच इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, डॉ. राममनोहर लोहिया यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई. सुमारे तीन महिने हा खेळ चालला आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. घात केला तो आतल्याच एका तंत्रज्ञाने. लाटांचा माग काढण्यापेक्षा घरातला माणूस फोडणे पोलिसांना सोपे गेले. ऐंशी वर्षांनंतर यंत्रे बदलली, हे सूत्र बदललेले नाही. फोनमधील ‘घरातला माणूस’ म्हणजे त्याची कार्यप्रणाली. कुलूप लागण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर प्रत्येक अक्षर तिच्या डोळ्यांखालून जाते. ती फितूर झाली की कुलूप कितीही उत्तम असले तरी व्यर्थ आहे.

युरोपात याचे दोन मोठे धडे मिळाले. एन्क्रोचॅट नावाची कंपनी बदललेल्या अँड्रॉइडवर चालणारे खास फोन विकत असे. सहा महिन्यांना सुमारे दीड हजार युरो मोजून सुमारे साठ हजार लोक ते वापरीत होते आणि त्यांत गुन्हेगारी टोळ्यांचा भरणा होता. २०२० मध्ये फ्रेंच पोलिसांनी कुलूप तोडण्याच्या भानगडीत न पडता कंपनीच्या फ्रान्समधील यंत्रणेतून थेट फोनांतच हेरगिरीचा प्रोग्राम उतरवला. कित्येक आठवडे निरोप कुलूपबंद होत राहिले आणि पोलीस ते वाचत राहिले. दुसरे प्रकरण अॅनोमचे. तेथे तर फोनही बदललेला, त्यावरची संदेशसेवाही कुलूपबंद. आणि सारा कारभार अमेरिकेच्या एफबीआयच्या हाती! प्रत्येक निरोपाची एक प्रत पोलिसांकडे जात होती. जून २०२१ मध्ये जाळे ओढले गेले तेव्हा आठशेहून अधिक लोकांना अटक झाली. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांबद्दल आपल्याला सहानुभूती असण्याचे कारण नाही. पण ‘विशेष सुरक्षित’ म्हणून विकला जाणारा फोन आंधळेपणाने विश्वासावर घेणाऱ्याचे काय होते, हे मात्र प्रत्येकाने शिकण्यासारखे आहे.

हे शस्त्र फक्त गुन्हेगारांवर चालते, असे कोणी समजू नये. इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगासस या हेरगिरीच्या प्रोग्रामने व्हॉट्सॲपमधील एका उणिवेचा फायदा घेऊन सुमारे चौदाशे फोनांवर हल्ला केला, हे २०१९ मध्ये उघडकीस आले. फोन वाजला तरी पुरे. उचलण्याचीही गरज नव्हती. भारतात ज्यांना याची सूचना मिळाली त्यांत पत्रकार होते, मानवी हक्कांचे कार्यकर्ते होते आणि भीमा कोरेगाव खटल्यातील आरोपींचे वकीलही होते. आपण हा प्रोग्राम केवळ सरकारांनाच विकतो, असे ही कंपनी स्वतः सांगते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तपासलेल्या एकोणतीस फोनांपैकी पाचांत तिला घातक प्रोग्राम आढळले, ते पेगाससच होते असे सिद्ध झाले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. अमेरिकेत मात्र मे २०२५ मध्ये ज्यूरीने एनएसओला सोळा कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला. पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम बरीच कमी केली, तरी व्हॉट्सॲपच्या ग्राहकांवर हल्ला करण्यास कंपनीला कायमची मनाई केली. एका बहुराष्ट्रीय कंपनीला परदेशी न्यायालयात जो न्याय मिळाला, तो ज्यांचे फोन लक्ष्य झाले त्या भारतीय नागरिकांना स्वदेशात मिळालेला नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

आता बदललेल्या कार्यप्रणालीकडे वळू. अँड्रॉइडचा पाया मुक्त आहे. त्याची मूळ संहिता कोणालाही घेता येते, तपासता येते, बदलता येते. विकत घेतलेल्या फोनवर मात्र त्या पायावर गूगलच्या बंदिस्त सेवांचा आणि फोन तयार करणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामांचा मजला चढवलेला असतो. हा मजला उतरवून स्वतःचे घर बांधण्याचे काम जगभरचे तंत्रज्ञ सहकाराने करीत आहेत. २००९ मध्ये सायनोजेनमॉड सुरू झाले. ते २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर त्याचा वारसा लिनिएजओएसने चालवला. ग्राफीनओएसने सुरक्षिततेलाच आपले मुख्य ध्येय मानले. श्रमाचे फळ सर्वांसाठी खुले ठेवणारा हा प्रयत्न समाजवादी विचाराच्या माणसाला जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

पण जवळच्या गोष्टीचीही डोळस पारख केली पाहिजे. फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होतो तो बूटलोडर. तो देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. आत येणारी कार्यप्रणाली खरी आहे की नाही, हे तो पाहतो. नवी कार्यप्रणाली चढवायची तर या पहारेकऱ्याला बाजूला करावे लागते. ग्राफीनओएस चढवल्यावर त्याला नव्या मालकाच्या ओळखीने पुन्हा उभे करता येते. लिनिएजओएसच्या बहुतेक फोनांवर मात्र देवडी उघडीच राहते. असा फोन तासभर दुसऱ्याच्या हाती पडला तर त्याची कार्यप्रणाली गुपचूप बदलता येते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनाला लिनिएजओएस नवे आयुष्य देते, हे मोठेच काम आहे. पण फोनच्या आतील चिपांचे प्रोग्राम कंपनीनेच दुरुस्त करायचे असतात, ते काम बाहेरची मंडळी करू शकत नाहीत.

याहून मोठा धोका ‘रूट’ करण्याचा. साध्या फोनमध्ये प्रत्येक ॲपची खोली वेगळी असते; एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. रूट करणे म्हणजे सर्व खोल्यांची एकच किल्ली तयार करणे. ती एखाद्या लबाड ॲपच्या हाती लागली तर सिग्नलची खोलीही उघडी. तीच गोष्ट बदललेल्या संदेश ॲपांची. अधिक सोयी मिळतात म्हणून जीबी व्हॉट्सॲप वापरणारे कार्यकर्ते कमी नाहीत. त्यांनी स्वतःला विचारावे की, आपला प्रत्येक निरोप ज्याच्या हातून जातो त्या प्रोग्रामचा कर्ता कोण, हे आपल्याला ठाऊक आहे काय? आणि टेलिग्रामवरील नेहमीचे संभाषण आणि गट दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतात, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते.

येथे वर्गाचा प्रश्न उभा राहतो. ग्राफीनओएसने आपले घर आजवर गूगलच्याच पिक्सेल फोनांवर बांधले, कारण त्याला हवी असलेली सुरक्षेची साधने त्यांतच मिळाली. पण पिक्सेल महाग. घरकाम करणाऱ्या बाईच्या, रिक्षा चालवणाऱ्या मित्राच्या हातातील स्वस्त फोनाला दोन-तीन वर्षांत कंपनीकडून दुरुस्त्या मिळेनाशा होतात. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच्या घराच्या भिंती सर्वांत आधी खचतात. सुरक्षितता ही बाजारात विकत घेण्याची वस्तू झाली की असेच होणार.

आणि ज्याने पदरमोड करून, शिकून, अधिक सुरक्षित कार्यप्रणाली चढवली, त्याच्या वाट्याला काय येते? गूगलने ‘प्ले इंटिग्रिटी’ नावाची तपासणी निर्माण केली आहे. फोनवर गूगलच्या मान्यतेची कार्यप्रणाली आहे की नाही, हे ती ॲपला सांगते, आणि बँकांची व पैशांच्या देवघेवीची अनेक ॲपे मान्यता नसलेल्या फोनला दारातूनच परत पाठवतात. विसंगती अशी की, वर्षानुवर्षे दुरुस्ती न मिळालेला, छिद्रांनी भरलेला मान्यताप्राप्त फोन या तपासणीची नेहमीची पातळी पार करतो, आणि ताज्या दुरुस्त्या असलेला ग्राफीनओएसचा फोन अडतो. कार्यप्रणाली अस्सल आहे की नाही हे कंपनीच्या मान्यतेवाचूनही पारखण्याची सोय अँड्रॉइडमध्येच आहे. तेव्हा ही अडचण तांत्रिक नाही. ही जमीनदारी आहे. फोनचे पैसे आपण मोजायचे, पण भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी घरमालकाची! २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ ची संहिता प्रसिद्ध करताना गूगलने पिक्सेलसाठी आजवर दिले जाणारे साहाय्यक भाग वगळले, हेही याच वृत्तीचे लक्षण होय.

घरमालकाच्या जोडीला सरकार आले म्हणजे काय होऊ शकते, याची चुणूक नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस मिळाली. दूरसंचार खात्याने फोन कंपन्यांना आज्ञा दिली की, प्रत्येक नव्या फोनवर ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसवलेले असावे. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबर रोजी आज्ञा मागे घ्यावी लागली. लोकमताच्या रेट्याचा हा विजय लहान नाही. पण त्या चार-पाच दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. कोट्यवधी फोनांच्या आत काय असावे हे मूठभर कंपन्या ठरवीत असतील, तर सरकारला कोट्यवधी नागरिकांची संमती घ्यावी लागत नाही; त्या मूठभरांना एक पत्र धाडले की काम होते. आपल्या फोनची कार्यप्रणाली निवडण्याचा हक्क हा हौशी तंत्रज्ञांचा छंद नसून लोकशाही हक्क आहे, तो या कारणाने.

यावर एक आक्षेप आपल्यातीलच काही ज्येष्ठ साथी घेतात. आपली चळवळ उघडी आहे, सत्याग्रही काही लपवीत नाही, मग ही गुप्तता कशासाठी? आक्षेपामागील भावना आदरणीय आहे. आपले धोरण, आपला हिशेब, आपले ठराव उघडेच असले पाहिजेत. पण मतदान गुप्त का ठेवतो? मतदाराने काही गुन्हा केला म्हणून नव्हे. शेठजीच्या आणि पाटलाच्या नजरेखाली दुबळ्याला आपले मत देता येत नाही म्हणून. निरोपाचे कुलूप याच जातीचे आहे. बलवानांच्या कारभारावर प्रकाश आणि दुबळ्यांच्या बोलण्याला आडोसा, या दोन्ही मागण्या एकाच न्यायातून येतात. गुन्हेगारही या साधनांचा वापर करतात, हे खरे. ते रेल्वेने प्रवास करतात आणि टपालही वापरतात. म्हणून प्रत्येक पाकीट फोडावे, असे कोणी म्हणत नाही.

पाकीट फोडण्याचा अधिकार कोणाला, हा झगडा या देशात जुना आहे. १८८५ च्या तार कायद्याने तो सरकारला दिला. जयप्रकाशांनी १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, जिचा पाया घातला त्या पीयूसीएल या संघटनेने फोन टॅपिंगविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९९६ च्या निकालाने टॅपिंग हा खाजगीपणावरील गंभीर आघात मानला आणि काही बंधने घातली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पण २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानंतरही बोलणे चोरून ऐकण्याचा हुकूम देतो तो गृहसचिव, आणि त्या हुकमाची फेरतपासणी करतात तेही सचिवच. न्यायाधीशाला त्यात स्थान नाही.

म्हणून पक्षाने काही मागण्या स्पष्टपणे हाती घेतल्या पाहिजेत. निरोपाचा मूळ कर्ता शोधण्याच्या नावाखाली कुलूप मोडणारा २०२१ चा नियम रद्द व्हावा. न्यायालयाच्या आज्ञेवाचून कोणाचाही फोन ऐकला, जप्त केला वा उघडला जाऊ नये. सरकारी सेवा आणि बँकव्यवहार यांसाठी एका खाजगी परदेशी कंपनीच्या प्रमाणपत्राची अट असू नये. विक्री थांबल्यावरही ठरावीक वर्षे दुरुस्त्या पुरवण्याचे आणि फोनची देवडी मालकाच्या इच्छेने उघडू देण्याचे बंधन कंपन्यांवर असावे. हे अशक्य नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या नमुन्याच्या फोनांची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे त्याच्या कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या पुरवाव्या लागतात. तेथील ग्राहकाला जे मिळते ते येथील कष्टकऱ्याला का मिळू नये?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. शिस्त आजपासून पाळता येईल. फोनच्या दुरुस्त्या आल्या की त्याच दिवशी चढवाव्यात. फोन रूट करू नये आणि बदललेली संदेश ॲपे काढून टाकावीत. व्हॉट्सॲपच्या ज्या प्रती दूरच्या साठ्यात जातात त्यांना वेगळे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे. ती वापरावी, नाहीतर प्रत ठेवूच नये. आपल्या खात्याला दुसरे कोणते संगणक जोडलेले आहेत, हे अधूनमधून पाहावे. निरोप आपोआप पुसले जाण्याची मुदत ठरवून द्यावी. नवी कार्यप्रणाली चढवायची असेल तर ती अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि देवडी पुन्हा बंद होते की नाही, याची खात्री करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी एक-दोन तरुण कार्यकर्त्यांनी हे शिकून घेऊन इतरांना शिकवावे. प्रत्येकाने एकट्याने झगडण्याचे हे काम नाही.

आणि या सर्वांच्या आधी एक नियम पाळावा: जे लिहिण्याची गरज नाही ते लिहू नये, जे ठेवण्याची गरज नाही ते ठेवू नये. फोनमध्ये नसलेली यादी कोणताही पेगासस चोरू शकत नाही. पन्नास कामगारांची नावे ज्याच्या हाती आहेत, त्याने आज रात्री निजण्यापूर्वी आपला फोन उघडून पाहावा आणि त्यातले काय पुसायचे ते ठरवावे.